गाणं फुकट, मग पैसे कोण देतं? वाराणसीच्या ९१.९ एफएमची गोष्ट

रेडिओच्या या मालिकेत आतापर्यंत आपण मोठमोठ्या केंद्रांबद्दल बोललो. आज एका शहराकडे आणि एका आकड्याकडे वळू. शहर वाराणसी, आकडा ९१.९.

मुंबई-पुणे सोडून थेट काशी का, असं तुम्ही विचाराल. कारण घरगुती आहे. माझी आत्या लग्न होऊन काशीला गेली. सासर ब्रह्माघाटाजवळ. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा घाट हा सगळा पट्टा म्हणजे काशीतली जुनी मराठी वस्ती. पेशवाईपासून तिथे मराठी घरं आहेत. आत्याचं मराठी आता निम्मं बनारसी झालंय. तिच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, एक रेडिओ असतो. सकाळी दूध तापायला ठेवलं की तो लागतो आणि दुपारी झोपताना बंद होतो.

काही वर्षांपूर्वी एकदा तिचा फोन आला. म्हणाली, "अरे, माझं मंत्रा कुठे गेलं रे? काटा जागेवरच आहे. गाणीसुद्धा लागतायत. पण नाव भलतंच सांगतात. तू रेडिओवर एवढं बोलतोस ना, मग सांग बघू."

मी सांगायला लागलो आणि माझ्या लक्षात आलं की हे पाच मिनिटांत संपणारं उत्तर नाही. एका छोट्या व्यापारी केंद्राचं नाव का बदललं, हे सांगायचं तर केंद्राला ती जागा मिळाली कशी, ते चालतं कशावर आणि त्याचा खरा मालक कोण, हे सगळं सांगावं लागतं. तेच आज करू.

आधी हा आकडा समजून घेऊ

एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ एवढा असतो. आता आपल्या ओळखीच्या खाजगी केंद्रांचे आकडे आठवा. ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३. दोन शेजाऱ्यांमध्ये किती अंतर आहे? प्रत्येक वेळी ०.८. हा योगायोग नाही. एकाच शहरात दोन केंद्रं अगदी लगत बसवली तर एकाचा आवाज दुसऱ्यात घुसतो. म्हणून सरकारनं एका शहरातल्या दोन केंद्रांमध्ये ८०० किलोहर्ट्झ अंतर ठेवायचं ठरवलं. म्हणजे हवा कितीही मोठी वाटली तरी तिच्यात खुर्च्या मोजक्याच. वाराणसीत ९८.३ वर मिर्ची बसलं, ९३.५ वर रेड एफएम आणि ९१.९ वर आपल्या आत्याचं केंद्र.

दुसरी गोष्ट अंतराची. शॉर्टवेव्हच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून पुन्हा खाली येतात. म्हणून कोलंबोचा आवाज सांगलीत ऐकू यायचा. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मनोरा जेवढा उंच, तेवढं लांब ऐकू येतं. पुढे खरखर सुरू होते. वाराणसीचं केंद्र सारनाथला, रामनगरला, मुगलसरायला ऐकू येईल, लखनौला नाही. त्यातून सरकारनं शहरांचे लोकसंख्येनुसार वर्ग पाडले: ए प्लस, ए, बी, सी, डी. प्रत्येक वर्गाला किती ताकदीचं प्रक्षेपण करायचं याची मर्यादा घालून दिली. वाराणसी बी वर्गात आहे.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या, पुढे तो कामाला येणार आहे. एफएम केंद्र हे स्वभावतःच एका गावाचं असतं. त्याच्या लहरींनाच गावाची वेस आहे.

पुण्याचे मंत्री आणि कोलंबोची गाणी

आता थोडं मागे जाऊ. सरकारी रेडिओ होता, मग व्यापारी रेडिओ लागलाच कशाला?

या प्रश्नाच्या उत्तरात एक मराठी माणूस आहे आणि त्याचंही काशीशी नातं आहे. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. जन्म पुण्याचा, शिक्षण काशी विद्यापीठात आणि पुढे पॅरिसला. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं ते देशाचे माहिती आणि प्रसारण मंत्री होते. शास्त्रीय संगीताचे जाणकार. आकाशवाणीनं लोकांची अभिरुची घडवावी, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्याच काळात संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रेडिओ संगीत संमेलनं सुरू झाली. कितीतरी गवयांना त्यातून मान आणि मानधन मिळालं. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पण त्याच केसकरांनी चित्रपटगीतांना कात्री लावली. निर्मात्यांशी करारावरून वाद झाला आणि आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ नाहीशी झाली. मग लोकांनी काय केलं? त्यांनी अभिरुची बदलली नाही, काटा फिरवला. रेडिओ सिलोन लावलं. अमीन सायानींची बिनाका गीतमाला १९५२ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. त्या कार्यक्रमाच्या नावातच टूथपेस्ट होती. गाणं लोकांना फुकट मिळत होतं आणि पैसे टूथपेस्टवाला देत होता. व्यापारी रेडिओचं सगळं गणित त्या एका नावात आहे.

सरकारला हे कळलं. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली. त्यानंतर दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९६७ ला, तिच्यावर जाहिराती घ्यायला सुरुवात झाली. कुठे? मुंबई, पुणे आणि नागपूर. म्हणजे भारतात सरकारी रेडिओवर जाहिरातींचा पहिला प्रयोग आपल्या महाराष्ट्रातल्या तीन केंद्रांवर झाला. पण दुकान सरकारचंच होतं. दुसऱ्या कोणाला ते टाकायची परवानगी नव्हती.

हवा कोणाची?

ही परवानगी कशी मिळाली, तर क्रिकेटमुळे. सामन्यांच्या प्रक्षेपणावरून एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी १९९५ मध्ये न्यायालयानं सांगितलं की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. पण कोणीही उठावं आणि वापरावं असंही नाही. जनतेच्या हितासाठी तिचं नियमन व्हायला हवं.

त्याआधी १९९३ पासून आकाशवाणी आपल्या एफएमचे काही तास खाजगी निर्मात्यांना देत होती. निकालानंतर काही वर्षांत सरकारनं संपूर्ण केंद्रंच द्यायचं ठरवलं आणि लिलाव पुकारला. पहिल्या टप्प्यात ४० शहरांतल्या १०८ वाहिन्या मांडल्या. बोली अव्वाच्या सव्वा गेली. वर अट अशी की परवाना शुल्क दर वर्षी १५ टक्क्यांनी वाढणार. धंदा होवो न होवो, शुल्क वाढणारच. ३ जुलै २००१ ला बंगळूरला रेडिओ सिटी सुरू झालं, देशातलं पहिलं खाजगी एफएम केंद्र. पण अनेकांनी बोली लावून नंतर पाय मागे घेतले. शेवटी १०८ पैकी २१ वाहिन्याच चालू राहिल्या, त्याही १२ शहरांत.

हा झाला पहिला धडा. गावाच्या बाजारात गाळा घ्यायचा आणि भाडं मात्र विक्री न बघता वाढत जायचं, तर दुकान टिकत नाही.

मग अमित मित्रा समितीनं सुचवलं की ठरावीक भाड्याऐवजी उत्पन्नात वाटा घ्या. जुलै २००५ च्या धोरणात ते आलं. सुरुवातीला एकदाच प्रवेश शुल्क आणि नंतर दर वर्षी उत्पन्नाच्या ४ टक्के. ९१ शहरांतल्या ३३८ वाहिन्या मांडल्या गेल्या. या दुसऱ्या टप्प्यानं एफएम खऱ्या अर्थानं मोठ्या शहरांबाहेर पडलं. आपल्याकडे नागपूर, कोल्हापूर, सोलापूर, सांगली, जळगाव, अकोला, नांदेड, अहमदनगर या गावांत खाजगी केंद्रं आली ती याच टप्प्यात. आणि वाराणसीतही याच टप्प्यात आली.

वर्तमानपत्रवाले रेडिओत का आले?

वाराणसीचं ९१.९ घेतलं ते जागरण समूहानं. दैनिक जागरण १९४२ मध्ये झाशीला सुरू झालं. संस्थापक पूरणचंद्र गुप्त. रेडिओसाठी जी कंपनी होती तिचं नाव श्री पूरण मल्टिमीडिया, आणि केंद्राचं नाव रेडिओ मंत्रा. अशी आठ केंद्रं होती: वाराणसी, गोरखपूर, आग्रा, बरेली, रांची, जालंधर, हिस्सार आणि कर्नाल. यादी नजरेखालून घाला. एकही महानगर नाही. सगळी मधली शहरं. आठही केंद्रं ९१.९ वरच.

काशीला वर्तमानपत्रांची परंपरा मोठी. 'आज' हे तिथलं नामवंत दैनिक १९२० मध्ये शिवप्रसाद गुप्तांनी काढलं आणि त्याचं संपादन पुढे अनेक वर्षं केलं ते बाबूराव विष्णू पराडकरांनी. नावावरून कळलंच असेल, माणूस मराठी, जन्म काशीचा. हिंदी पत्रकारितेचे ते आचार्य मानले जातात. मैदागिनला त्यांच्या नावाचं स्मृतिभवन आहे. आत्याकडे गेलो की त्या रस्त्यानं जाणं होतं, म्हणून आठवलं.

पण वर्तमानपत्रवाल्यांनी रेडिओ घेण्यामागे परंपरा नाही, हिशोब आहे. देशभर बघा. मिर्ची टाइम्स समूहाचं. माय एफएम भास्करचं. फीव्हर हिंदुस्तान टाइम्सचं. केरळात मनोरमाचं मँगो, मातृभूमीचं क्लब एफएम. आपल्याकडे कोल्हापूरचं टोमॅटो एफएम पुढारीचं. असं का? कारण गावातल्या साडीवाल्याकडे, सोनाराकडे, शिकवणीवाल्याकडे जाहिरात मागायला जाणारा माणूस वर्तमानपत्राकडे आधीच असतो. त्याची ओळख असते, उधारी-वसुलीचा हिशोब असतो. छापील जाहिरातीबरोबर रेडिओची जाहिरात जोडून दिली की दोन्हीकडे काम होतं. नव्यानं गावात येणाऱ्या कंपनीला ही ओळख कमवायला वर्षं लागतात.

पैसे कोण देतं?

आता मुख्य मुद्दा. व्हिडिओत मी फळ्यावर एक हिशोब मांडला होता, तो इथे लिहून देतो. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, कोणत्याही केंद्राचे नाहीत.

रेडिओची जाहिरात दहा सेकंदांच्या मापानं विकतात. समजा एका तासात दहा मिनिटं जाहिराती लावल्या. दहा मिनिटं म्हणजे सहाशे सेकंद, म्हणजे दहा सेकंदांचे ६० तुकडे. एका तुकड्याला १०० रुपये धरले तर तासाचे ६,००० रुपये. दिवसाचे सोळा तास पूर्ण विकले गेले तर ९६,०००. आता यातून सरकारचे ४ टक्के, म्हणजे ३,८४० रुपये. मग गाण्यांचे पैसे.

गाण्यांचे पैसे हा मोठा झगडा होता. ध्वनिमुद्रित गाणं वाजवायचं तर हक्कदार कंपनीला मोबदला द्यावा लागतो. सुरुवातीला तो तासावर मोजायचे. प्रत्यक्ष गाणं जितके तास वाजलं तितक्या तासांचे पैसे. गंमत बघा, वाराणसीतला साडीवाला मुंबईच्या दरानं जाहिरात देणार नाही, पण गाणं मात्र सगळीकडे तेवढंच लांब. छोट्या शहरातल्या केंद्राचं त्यात कंबरडं मोडायचं. प्रकरण कॉपीराइट बोर्डापर्यंत, न्यायालयांपर्यंत गेलं. ऑगस्ट २०१० मध्ये बोर्डानं सांगितलं की केंद्राच्या निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के द्या. आपल्या हिशोबात ते झाले १,९२० रुपये. पुढे डिसेंबर २०२० मध्ये हे दर नव्यानं ठरले. पण २०१० च्या त्या निर्णयानं छोट्या केंद्रांना श्वास घ्यायला जागा मिळाली, हे नक्की.

म्हणजे सरकार आणि गाणी यांचा वाटा उत्पन्नावर ठरायला लागला. धंदा कमी तर वाटा कमी. मग केंद्राला जड काय जातं? मनोऱ्याचं भाडं, वीज, स्टुडिओ आणि माणसं. हा खर्च एकही जाहिरात आली नाही तरी होतोच. यातल्या विजेत आणि मनोऱ्यात काटछाट करता येत नाही. काटछाट कशात करता येते, हे मी सांगायला नको.

आणखी एक अडचण. ऐकतंय कोण, हे मोजायचं कसं? श्रोते मोजण्याची जी नियमित पद्धत देशात होती ती मुंबई, दिल्ली, बंगळूर आणि कोलकाता या चार महानगरांपुरती. वाराणसीतल्या साडीवाल्याला असा आकडा दाखवता येत नाही. तो गिऱ्हाईक मोजतो. "रेडिओवर ऐकून आलो" असं दिवसात चार जण म्हणाले की पुढच्या लग्नसराईत जाहिरात पुन्हा येते. म्हणून छोट्या शहरातला आरजे दुकानाचं नाव नुसतं वाचत नाही, गल्लीसकट सांगतो. गोदौलियाहून डावीकडे वळा, अमुक मिठाईवाल्याच्या समोर. आपल्याला ते कानाला खटकतं, पण त्याचं पोट त्या गल्लीवर आहे.

गाणी तीच तीच का लागतात?

आत्याची एक कायमची तक्रार आहे. "दिवसातून तीनदा तेच गाणं!" हिशोब समजला की याचंही उत्तर मिळतं.

केंद्राकडे हजारो गाणी असली तरी फिरतीवर ठरावीकच असतात. प्रत्येक तासाचा एक आराखडा असतो, त्याला क्लॉक म्हणतात. कुठल्या मिनिटाला ताजं गाणं, कुठे जुनं, कुठे आरजेची लिंक, कुठे जिंगल, कुठे जाहिराती, हे आधी ठरलेलं असतं. संगणक त्याप्रमाणे गाणी लावतो. श्रोता रिक्षात बसतो आणि उतरतो. तेवढ्या वेळात त्याला ओळखीचं गाणं सापडलं नाही तर तो काटा फिरवतो. केंद्र त्या वीस मिनिटांच्या श्रोत्यासाठी चालतं. आत्या सकाळपासून दुपारपर्यंत ऐकते. तिच्यासारखा श्रोता सर्वांत निष्ठावान, पण आराखडा तिच्यासाठी बनलेलाच नसतो.

बोलायचं काय आणि काय नाही

आता निवेदकाकडे वळू. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही. ज्या समूहाचं वर्तमानपत्र रोज शहरातल्या सगळ्या बातम्या छापतं, त्याच समूहाच्या रेडिओनं बातमी सांगायची नाही. दुसऱ्या टप्प्यात हे पूर्ण बंद होतं. २०११ च्या, म्हणजे तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवायची मुभा मिळाली. शिवाय काही माहिती 'बातमी' धरायची नाही, असं ठरलं. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, प्रवेश, सण-समारंभ, वीज-पाण्याच्या सूचना, नैसर्गिक आपत्ती.

ही कोरडी यादी वाटते. पण काशीत ती यादी म्हणजेच रोजचं जगणं. देवदिवाळीला कुठले रस्ते बंद, नाटी इमलीच्या भरतमिलापाला किती वाजता पोहोचायचं, लंकेवर कोंडी आहे का, मैदागिनला आहे का. आणि पावसाळ्यात गंगा.

वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे. १९७८ च्या सप्टेंबरात पाणी ७३.९० पर्यंत चढलं होतं. ते आजवरचं सर्वांत वरचं. जुनी माणसं अजून घाटावर बोट ठेवून ते दाखवतात. ऑगस्ट २०१६ मध्ये पाण्यानं पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली. मी इथून फोन करत होतो. वीज गेलेली, टीव्ही बंद. आत्याचा रेडिओ सेलवर चालू होता. तिनं मला पातळी सेंटिमीटरसकट सांगितली. ती तिला आकाशवाणीवरून कळली होती. आणि मग म्हणाली, "आता काटा फिरवते. तो मुलगा सांगतो कुठल्या गल्लीत नाव चालू आहे ते."

नाव म्हणजे होडी, हं. आत्याचं मराठी.

मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की ती दोन रेडिओ दोन कामांसाठी ऐकते. आकडा हवा तर सरकारी. गल्ली हवी तर खाजगी. 'तो मुलगा' कोण, तिला नाव माहीत नव्हतं. पण त्याला गल्ल्या माहीत होत्या, आणि तेवढं तिला पुरेसं होतं.

मंत्राचं सिटी कसं झालं?

आता आत्याच्या मूळ प्रश्नाकडे येऊ.

२००१ मध्ये बंगळूरला जे रेडिओ सिटी सुरू झालं ते चालवणारी कंपनी म्युझिक ब्रॉडकास्ट. तिची २० शहरांत केंद्रं होती. त्यातली नऊ एकट्या महाराष्ट्रात: मुंबई, पुणे, नागपूर, अहमदनगर, अकोला, जळगाव, नांदेड, सांगली, सोलापूर. २०१५ मध्ये जागरण प्रकाशननं ही कंपनी घेतली. आता एकाच घरात दोन नावं झाली, मोठ्या शहरांत सिटी आणि मधल्या शहरांत मंत्रा. त्याच वर्षीच्या तिसऱ्या टप्प्याच्या लिलावात कंपनीनं आणखी ११ शहरं घेतली. त्यात आपली नाशिक आणि कोल्हापूर. पुढे मंत्राची आठ केंद्रं याच कंपनीत विलीन झाली. २० आणि ११ आणि ८, एकूण ३९. सगळ्यांना एकच नाव, रेडिओ सिटी. मार्च २०१७ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले.

धंद्याच्या नजरेनं हे अगदी बरोबर आहे. देशभर साबण विकणारी कंपनी ३९ शहरांसाठी एकच सौदा करते. तिला एक नाव, एक दरपत्रक, एक बिल हवं असतं. मंत्रा आणि सिटी अशी दोन नावं सांभाळणं म्हणजे दोनदा पाट्या रंगवणं. आत्याला मी एवढंच सांगितलं: "दुकान तेच आहे, पाटी बदलली."

ती म्हणाली, "पाटी बदलू दे. आत माणूस तोच आहे ना?"

हा प्रश्न माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे. कारण पाटीबरोबर एक नियमही बदलला होता, आणि तो फारशा लोकांच्या लक्षात आला नाही.

दुसऱ्या टप्प्यात एका केंद्राचा कार्यक्रम दुसऱ्या केंद्रावर लावायची, म्हणजे नेटवर्किंगची, परवानगी फक्त सी आणि डी वर्गातल्या शहरांना होती आणि तीही एकाच विभागात. वाराणसी बी वर्गात. म्हणजे तिथला कार्यक्रम तिथेच बनवणं भाग होतं. तिसऱ्या टप्प्यात आपल्या साखळीतल्या कुठल्याही केंद्रावरचा कार्यक्रम दुसरीकडे लावायची मुभा मिळाली. मगाचा हिशोब आठवा. सगळा खर्च ठरलेला, काटछाट करायची तर माणसांत. आता मुंबईत एक कार्यक्रम बनवला आणि तो तीस शहरांत लावला तर तीस निवेदकांचा खर्च वाचतो. मुंबईचा आरजे चांगलाच असतो, लेखक हाताशी असतात, पाहुणे नट-नट्या येतात. कार्यक्रम कदाचित जास्त रंगतो. फक्त त्याला गल्ली माहीत नसते.

याला मी कोणाचा दोष म्हणत नाही. जगभर हे झालंय. अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्यानं मालकीच्या मर्यादा सैल केल्यावर एकेका कंपनीकडे शेकड्यांनी, हजारांनी केंद्रं गेली आणि छोट्या गावांतले स्टुडिओ रिकामे व्हायला लागले. लहरींना वेस आहे, पैशाला नाही. त्यातून गावचं केंद्र दुसऱ्या कुठल्या तरी गावाचा आवाज ऐकवायला लागतं.

बनारसचं संगीत आणि बनारसचा रेडिओ

एक गोष्ट मला बरेच दिवस खुपत होती. ज्या शहरात बिस्मिल्ला खाँ राहिले, किशन महाराज राहिले, गिरिजादेवी राहिल्या, त्या शहराच्या संगीत केंद्रावर मुंबईतली फिल्मी गाणी? काशीला वेगळं काही ऐकू यायला नको का?

उत्तर मात्र मला आता पटलंय. कलाकार घडवणं हे व्यापारी केंद्राचं काम कधीच नव्हतं. गिरिजादेवींचं पहिलं गाणं १९४९ मध्ये आकाशवाणीच्या अलाहाबाद केंद्रावर झालं. आकाशवाणी कलाकाराची चाचणी घेते, श्रेणी देते, बोलावते, मानधन देते. त्यासाठी जनतेचा पैसा लागतो आणि तो तिथे खर्च व्हायलाच हवा. महमूरगंजचं आकाशवाणी केंद्र म्हणूनच हवं. साडीवाल्याच्या पैशावर ठुमरी चालणार नाही.

पण साडीवाल्याच्या पैशावर बोली चालू शकते. "का गुरू" म्हणून हाक मारणारा, हिंदीत बोलता बोलता भोजपुरीत घसरणारा, मलइयोचे दिवस आले की ती कुठे चांगली मिळते ते सांगणारा आवाज. ज्या शहरात घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी, तिथे बाजारातली भाषा हवेवर येणं ही लहान गोष्ट नाही. सोलापूरच्या आणि कोल्हापूरच्या केंद्रांनी आपल्याकडे हेच केलं. तोवर रेडिओवर पुणेरी प्रमाण मराठी ऐकणाऱ्या कानांना पहिल्यांदा आपल्या गावचा हेल ऐकू आला. संगीत केंद्राचा खरा ठेवा मला वाटतं दोन गाण्यांच्या मधल्या त्या तीस सेकंदांत असतो.

हे तुमच्या गावातही येणार आहे

शेवटी हे सगळं आज का सांगितलं ते सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं आणखी २३४ नव्या शहरांतल्या ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मान्यता दिली. वाराणसीपेक्षाही लहान शहरं. आपल्याकडची लातूर, चंद्रपूर, यवतमाळ अशी नावं त्या यादीत आहेत. मातृभाषेतल्या स्थानिक कार्यक्रमांना त्यातून बळ मिळावं, असा हेतू सांगितला गेला आहे.

हेतू चांगला आहे. पण आपण वाराणसीची गोष्ट ऐकली आहे. त्यामुळे आपल्या गावात असं केंद्र आलं तर कुठले प्रश्न विचारायचे ते आपल्याला माहीत आहे. सकाळचा कार्यक्रम इथे बनतो का? बोलणारा माणूस या गावात राहतो का? पूर आला, टँकर आला नाही, निकाल लागला, तर तो सांगेल का? आणि गावातल्या दुकानदारानं त्याला जाहिरात दिली का? कारण शेवटचा प्रश्न पहिल्या तीन प्रश्नांचं उत्तर ठरवतो. न्यायालयानं हवा जनतेची म्हटली आहे. पण जनतेनं ती ऐकली नाही आणि दुकानदारानं पैसे दिले नाहीत, तर तिथे कुठूनही आलेला आवाज लागेल. तोही फुकटच.

परवा आत्याशी बोललो. रेडिओ अजून त्याच फळीवर आहे. विचारलं, "काय ऐकतेस सध्या?"

"तेच," म्हणाली. "नाव काय ते विचारू नकोस. पण सकाळचा मुलगा बरा बोलतो. काल दुर्गाघाटाची पायरी खचली ती त्यानंच सांगितली. नाहीतर मी तिकडूनच जाणार होते."

पुढच्या भागात आपण जाहिरातीच्या जिंगलकडे वळू. तोवर आपल्या गावातला रेडिओ एकदा लावून बघा, आणि दोन गाण्यांच्या मध्ये कोण बोलतंय ते ऐका.